फाटकाजवळचा फळा

एक वाजता साइट उघडली नाही.
एक वीसला उघडली,
आणि पावणेदोनला मी, जिल्हा परिषद हायस्कूलचा कारकून,
कॅल्क्युलेटरवर एकोणीस भागिले एकतीस केलं.
एकसष्ट पूर्णांक एकोणतीस.
हेडमास्तर म्हणाले, पुन्हा करा.
पुन्हा केलं.
एकोणीस तेवढेच राहिले.

भिवापूरच्या बसस्टँडवर कॉन्व्हेंटचा फ्लेक्स
तोवर चढलाही होता. शंभर टक्के,
गोल गोल चौकटींत तेल लावलेली डोकी.
तिथली कच्ची पोरं नववीतच दाखला घेऊन
आमच्याकडे येतात,
यंदा पाच आली होती.
हे फ्लेक्सवर कुठे मावणार?

निकाल फळ्यावर लिहायचा असतो.
माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.
झिंगरूजी फाटकातूनच ओरडले,
"दडमलची पोट्टी आली जी, तिले द्या खडू."

अश्लेषा. तीन वर्षं रोजचा सुविचार तिचाच असायचा.
सुविचार कुणी वाचत नसे,
अक्षराकडे मात्र सायकल थांबवून बघत.
हिवाळाभर पहाटे मिरचीच्या सातऱ्यावर बसून
डेठं खुडायची, तिथूनच यायची,
बोटं पेटलेली असली
की खडू ओल्या फडक्यात धरायची.

मी सांगत गेलो, ती लिहीत गेली.
बसलेले ३१.
उत्तीर्ण १९.
पुढची ओळ आम्ही सांगत नाही,
तशी रीतच आहे.
टक्के लिहून ती दोन पावलं मागे सरली,
मान तिरपी करून बघितलं,
दशांशाचा ठिपका जरा ठळक केला.
मग ओढणीला हात पुसत म्हणाली,
"सर, माहं काय झालं?"

इंग्रजी, सत्तावीस.
कागद माझ्या हातातच होता.
खडू देताना मला माहीत होतं का?
होतं.

नागपूरला एक तक्ता पाठवावा लागतो,
त्यात 'निकाल कमी लागण्याची कारणे',
रकाना दोन बोटं रुंद.
'इंग्रजीचे पद चार वर्षे रिक्त' लिहिलं की भरतो.
पी.टी.चे सर शिकवायचे बिचारे,
कवायतीसारखं,
सगळ्यांनी एकदम आणि मोठ्याने.
आता मी लिहिलेलं तिथे कोण वाचतं
ते मला ठाऊक नाही. दरवर्षी पोच मात्र येते.

ती रडेल म्हणून झिंगरूजी माठाकडे वळले होते.
रडली नाही.
"जुलैत पुन्हा बसता येते ना जी?"
येतं, म्हणालो.
ती फळ्याकडे गेली, खाली हातभर जागा उरली होती,
तिथे लिहिलं,
अनुत्तीर्ण १२.
तेच अक्षर, तेच माप,
वेलांटी जराही घाईची नाही.

हेडमास्तर खिडकीत उभे होते.
डस्टर त्यांच्या टेबलावर होतं.
कोणी उठलं नाही.

खडूचा उरलेला तुकडा तिने माझ्या हातावर ठेवला.
मे महिन्याच्या उन्हात तो गरम झाला होता.
साठा रजिस्टरात
मी तो अजून चढवलेला नाही.