अंगठाबहाद्दर

सांतो डोमिंगोच्या चौकात, कमानींखाली,
डावीकडून चौथं टेबल माझं.
टाइपरायटर हिरवा. त्याची एक कळ भूकंपात निखळली,
ती अजून दोऱ्यानं बांधलेली आहे.
एकेचाळीस वर्षं मी दुसऱ्यांची पत्रं लिहितो:
प्रेमाची, थकलेल्या भाड्याची,
ट्रकखाली आलेल्या गाढवाच्या भरपाईची.
शेजारचे टेबलवाले आता लग्नपत्रिका छापतात,
आणि हळू आवाजात विचारलंत तर बाकीचंही.

एर्मेलिंदा यायची मिल्पा आल्ताहून,
निवडुंगाची पानं विकून झाली की,
टेक्सासातल्या मुलाला पत्र घालायला.
सहीच्या जागी अंगठा.
मनातल्या मनात मी तिला अंगठाबहाद्दर म्हणायचो.
पत्र वाचून दाखवायला लागलो
की ती मध्येच हात वर करायची, काट्यांनी ओरखडलेला:
"थांबा.
'तुझी फार आठवण येते' असं मी म्हटलं नव्हतं.
मी म्हटलं, तुझी खुर्ची अजून उन्हात ठेवते."
मी चिडायचो, कागद फाडायचो, नवा घालायचो.
एकच पत्र चार वेळा लिहायला लावणारी
ती एकटीच.

बाकीच्यांचा ध चा मा किती वेळा केला
त्याला हिशेब नाही.
तीन वाक्यं होती माझ्याकडे ठेवणीतली:
एक चंद्राचं, एक मरेपर्यंतचं,
आणि एक, कुणाच्या तरी डोळ्यांत बुडण्याचं.
या शहरातले कितीतरी संसार
त्या तीन वाक्यांवर उभे आहेत,
नांदतायतही बरे.
म्हणून कुणी फोनला शिव्या घालायला लागलं
की मी रिबिन साफ करायला घेतो.
त्याच्या आधी या कमानींखाली
ते यंत्र मीच होतो.
मोजा पैसे, घेऊन जा दुसऱ्यानं केलेला विचार.

परवा उरिएल आला. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला.
बोलतानाही दोन्ही अंगठे काचेवर चालूच.
मित्र गेला होता त्याचा, मोटरसायकलवरून.
मित्राच्या आईला पत्र हवं होतं.
म्हणजे पत्र तयारच होतं,
फोननं अकरा सेकंदांत लिहिलेलं.
"फक्त तुमच्या यंत्रावर उतरवून द्या,
हातचं वाटलं पाहिजे."

वाचलंस?
"चाळलं."
मोठ्यानं वाच, म्हटलं, मला बारीक दिसत नाही.
खोटं होतं ते.

शाळेत बाकावर उभं केल्यासारखा तो वाचत राहिला.
'अपरिमित' शब्दाशी ठेचकाळला,
पुढे गेला,
आणि सहाव्या ओळीत:
"त्याच्या खळखळून हसण्यानं घर उजळून निघायचं."

तिथे गाडी थांबली.
कारंज्याशी एक बाई कबुतरांना हाकलत होती.
"असं हसायचाच नाही तो," उरिएल म्हणाला.
"दात तुटला होता पुढचा.
तोंडावर हात धरायचा."

मग?
"मग काय?"
मग लिहायचं काय?

बंद दुकानाकडे बघावं तसा तो माझ्याकडे बघत राहिला.
फोन खिशात घातला. काढला. पुन्हा घातला.
माझ्या ठेवणीतलं चंद्राचं वाक्य
जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं.
गिळलं.
"माहीत नाही," तो म्हणाला.
मी कागद चढवला.
बराच वेळ गेला. इतका, की मक्याची कणसं विकणारा
दुसऱ्यांदा समोरून गेला.
"डावा," तो म्हणाला. "हात डावा धरायचा."
मी 'डाव्या हातानं' एवढं उमटवलं
आणि त्यानं हात वर केला,
मऊ, कुठेही न ओरखडलेला:
"थांबा."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. निघून गेला.
आज चौथा दिवस.
येईल की नाही, पैज लावणार नाही मी.
घरी जाऊन तेच पत्र
दुसरीकडे छापूनही घेतलं असेल.

कागद अजून यंत्रात आहे,
दोन शब्दांचा.
नवीन गिऱ्हाईक आलं
की मी शेजारचं टेबल दाखवतो.