फाटकावरची वही

ओरिन त्वाइट बर्फात गुडघे टेकायचा
मालडब्याच्या चाकाशी, टेपचं टोक अंगठ्यानं दाबून.
हातमोजा काढला की बोट बधिर,
घातला की आकडा हुकतो.
दुसरं टोक आमच्या येफिमकडे.
मी वहीत लिहायचे: डबा अमुक, वेळ अमुक, लांबी अमुक.
मग दोघं एकमेकांच्या आकड्याकडे बघायचे,
याद्या करायला बसलेल्या व्याह्यांसारखे.
जुळला, की सही.

गावात म्हणायचे, अन्फिसा, तू शत्रूला चहा पाजतेस.
पाजते, म्हणायचे मी.
साखर मात्र तो मोजून घेतो.

कारखान्यात काय बनतं
हे वोत्किन्स्कमध्ये घरात कुणी बोलत नसे.
आईनं तीस वर्षं तिथं कसल्यातरी नळ्या घासल्या.
कशाच्या, ते तिला ठाऊक नव्हतं. किंवा होतं.
विचारलं तर सांगायची, बाबागाड्या.
त्याही बनत, खोटं कशाला बोलू.
मग करार झाला, आणि फाटकाबाहेर
परके येऊन राहिले, पडदे लावून, कुंड्या ठेवून,
आणि जे आईनं पोटात ठेवलं
ते मी रोज मीटरमध्ये लिहू लागले.

ओरिनच्या बापाच्या गव्हात, उत्तर डकोटात,
सरकारनं एक विहीर खणली होती.
पाण्याची नव्हे.
वर काँक्रीटचं झाकण, भोवती तारा.
बाप तिला वळसा घालून पेरायचा.
वळशाला डिझेल जास्त लागतं,
एवढीच त्याची आयुष्यभराची तक्रार.

मी त्याला पेल्न्यान वळायला शिकवलं.
आमच्या उदमुर्तीत पेल म्हणजे कान, न्यान म्हणजे भाकरी.
त्याचे कान फाटायचे, सारण आधणात.
आवळू नकोस रे, म्हटलं, नुसता मिटव.

रविवारी तळ्यावर मासे धरायला गेलो
तर आधी भोक पाडून त्यानं बर्फाची जाडी मोजली.
मी हसले: अरे, पलीकडे ट्रॅक्टर चाललाय!
तो म्हणाला, ट्रॅक्टरवर विश्वास आहे माझा.
मी बर्फ मोजतोय.

एका डिसेंबरात मुदत संपली.
कुंड्या कुणाकुणाला वाटल्या.
टेप मला दिली; नियमात बसेना,
म्हणून तिची पावती फाडली, दोन प्रतींत.

पुढे दुसरा करार. त्याचे लोक अधूनमधून यायचे,
पाहुण्यासारखे, आधी कळवून.
मग साथ आली, येणं थांबलं.
साथ गेली, तरी थांबलेलंच.
मग तो कागदही संपला, फेब्रुवारीत, रात्री.
मी झोपले होते. सकाळी उठून चूल तशीच पेटली,
दूध तसंच उतू गेलं.
मला वाटलं होतं, काहीतरी आवाज होईल.

आता कारखान्याचे दिवे विझतच नाहीत.
नातू सावेली पाळीवरून येतो, डोळे तांबडे.
काय करतोस रे तिथं?
बाबागाड्या, म्हणाला,
आणि पेल्न्यानचा कान आख्खाच गिळला.

म्हातारपणी असं होतं, रात्री मी डबे मोजते.
रुळांचा खडखडाट ऐकून, अंथरुणात, बोटांवर.
मधे झोप लागते. लांबी राहते.
तिकडे त्या गव्हातही कुणीतरी
असंच कान देऊन पडलं असेल, असं धरून चालते.
असेलच असं नाही.

सावेलीची ल्याना, पाच वर्षांची,
परवा कपाटातून टेप ओढत आली.
सुटलेली पट्टी सर्रकन आत गेली, बोट चिरलं.
फुंकर घातली, म्हटलं, हे एकटीचं काम नव्हे, राणी.
एक टोक तू धर.
मग आम्ही दार मोजलं. मांजर मोजलं, ते पळालं.
खिडकीतून दिसणारी कारखान्याची चिमणी
तिनं दोन बोटांत धरून मोजली.
तिला वीसपर्यंतच येतं;
पुढच्याला ती 'खूप' म्हणते.

जुनी वही काढली, कोरी पानं होती शेवटी.
लिहिलं: वेळ सायंकाळी पाच. लांबी खूप.
तिची सही, अर्धी उलटी.
माझी.