तीनची पाळी

पप्पा म्युनिसिपालटीत चावीवाले होते.
रात्री तीनला माझगावात
खांद्यावर लोखंडी चावी टाकून निघायचे,
रस्त्यातलं झाकण उचलून
मोजून बावीस आटे.
मग कुठल्या तरी खोलीत
कोरडा नळ आधी खोकायचा.

रिटायर झाले तरी तीनलाच उठायचे.
दिवा न लावता पलंगाशी गुडघे टेकायचे
(गुडघे कुरकुरायचे)
आणि गल्लीवार सुरू:
प्रभो, गनपावडर रोडच्या सुलभाबाई, आज डायलिसिस.
प्रभो, रफिकचा पोरगा, दुबईहून फोन नाही.
प्रभो, ती मांजर, जिची पिल्लं कुणी उचलून नेली.
घाई नाही.
एकेक नाव पुरतं उघडून
थांबायचे, दाब येईपर्यंत.

एलियाकाकांच्या नावाशी मात्र अडायचे.
नगरच्या दीड एकरावरून
सोळा वर्षं बोलणं नव्हतं.
अंधारात नुसता श्वास ऐकू यायचा,
जोर लावणाऱ्या माणसाचा.
मी पांघरुणातून पुटपुटायची,
आमेन म्हणा ना आता, सकाळी शाळा आहे.

काका मयतीला आले नाहीत.

आता तीनला मला जाग येते.
पप्पांसारखं मागता येत नाही,
माझे शब्द रविवारचे, इस्त्री केलेले.
नळाखाली पिंप लावते,
मोरीच्या कठड्यावर बसते,
सुलभाबाईंचं नाव घेते, त्या वारल्यात हे आठवतं,
तरी घेते.
मग काकांचं.

गंज आहे.
अर्धा आटा फिरला असेल, नसेल.

वरच्या मजल्यावर कुणीतरी
बादली सरकवतं.