साडेचार

तांडापेठेतल्या त्या खोलीत पूर्वी मागाचे खड्डे होते.
सिमेंट ओतून बुजवलेत आता,
तरी कुठे होते ते पायांना कळतं.
नऊ मशिनी मावतात.
दहावी ठेवली की दार उघडत नाही.

क्ष म्हणजे मोटरची : अठरा हजार, दिवसाला तीस पिशव्या.
य म्हणजे पायाची : सहा हजार, दिवसाला बारा.
ठेकेदार रोजच्या एकशे नव्वद म्हणाला होता,
वच्छलाबाई हेडाऊंनी घासाघीस करून एक कमी केली.
एक!
तीन दिवस तोच विजय सांगत फिरल्या.

बारावीचं गणित सुटून मला चौदा वर्षं झाली.
लेकीच्या वहीतला आलेखाचा कागद फाडला,
वीजबिलाच्या कडेनं रेघा ओढल्या,
एक खोलीची, एक पिशव्यांची.
दोघी भेटल्या तिथे बोट ठेवलं :
साडेचार मोटरच्या, साडेचार पायाच्या.
एक लाख आठ हजार. याहून स्वस्त नाही.

"अर्धी मशीन कोन चालवन वं?" कुंदा पराते हसली,
"सुई तुले अन् चाक मले?"
इतवारीतला दुकानदार अर्धी देत नाही.
उधारीवर तर सबंधही नाही.

मग ठिपक्या-ठिपक्यांवरून गेले,
मे महिन्यात सावली धरून चालावं तशी.
मोटरच्या चार घेतल्या तर पायाच्या सहा लागतात,
म्हणजे दहा,
म्हणजे दार.
सात मोटरच्या म्हटल्या तर बँकेच्या मॅडमचा चेहरा दिसतो.
शेवटी दोनच ठिपके राहिले :
पाच आणि चार. सहा आणि एक.
इकडेही एक लाख चौदा हजार, तिकडेही.
पुन्हा मांडलं. रुपयाचा फरक नाही.

रात्रीचा दीड. कूलरमधलं पाणी संपलेलं,
पंखा कोरडाच घरघरतोय.
समीकरणाला विचारलं, यातलं कोणतं?
ते गप्प.
त्याला "कमीत कमी" एवढंच बोलायला शिकवलेलं.

पाच आणि चार म्हणजे नऊ स्टुलं.
सहा आणि एक म्हणजे सात.
मधल्या दोघी कागदावर कुठेच नव्हत्या,
ना आडव्या अक्षावर, ना उभ्या.
यादी काढून पाहिली.
आठवी इंदू निखारे, जी डबा उघडताना पाठ फिरवते.
नववी मी.
यादी मीच लिहिली होती,
शिष्टाचार म्हणून स्वतःला शेवटी घातलं होतं.

सकाळी वच्छलाबाईंनी विचारलं,
"पाच-चारच काऊन? सहा-एक काऊन नाही?"
मी म्हटलं, "मीटरवर लोड कमी येते."
खोटं नव्हतं ते.
इंदूनं मान हलवली, समजल्यासारखी,
आणि स्टूल पुसायला घेतलं.

कागद गल्ल्याच्या तळाशी आहे.
सहा-एकचा ठिपका मी खोडला,
पण उजेडात धरला तर दिसतो अजून.