निम्मी साखर

मंगळवारी रात्री आठला लागते आमची मालिका,
जाहिराती धरून साडेतीन तास.
म्हणजे दर आठवड्याला एकशे तीस पानं.
एक पान म्हणजे एक मिनिट, असं वर्गात शिकवतात.
वर्गात हे सांगत नाहीत
की त्यातली तीस पानं नुसती बघण्यात जातात:
ती त्याच्याकडे बघते. तो समुद्राकडे बघतो.
इस्तंबूलमध्ये समुद्र फुकट आहे,
म्हणून आमच्याकडे समुद्र पुष्कळ.

उस्कुदारच्या चढावर, पाचव्या मजल्यावर,
मी आणि सेरहान. तो चोवीस वर्षांचा,
अजून विशेषणं लिहितो.
मी खोडते. कॅमेऱ्याला ‘विषण्ण’ दिसत नाही रे,
कॅमेऱ्याला दिसतो चहाचा ग्लास,
गार, चमचा आत तसाच.

गुरुवारी निर्मात्यांचा फोन आला:
तलात बेयना मारा.

तलात बेय म्हणजे मालिकेतले रेइस,
बहात्तर भागांपासून नायिकेचे वडील,
कोळी, मितभाषी, डाव्या कानानं अधू.
कान खरोखर अधू आहे.
पहिल्या वाचनाला माझ्या लक्षात आलं,
मग मी गोष्टीतलाही कान अधू केला
आणि त्यांच्या वाट्याची सगळी माणसं
उजवीकडे उभी केली.
त्यांनी चार महिन्यांचे थकलेले पैसे मागितले होते. एवढंच.
‘हार्ट अटॅक चालेल,’ बुरहान बेय म्हणाले,
‘हॉस्पिटलचा सेट उभाच आहे.’

मीही पाट्या टाकणाऱ्यांतलीच, नाही म्हणत नाही.
अठरा वर्षांत एकोणीस माणसं मारली,
दोन एकाच विमानात,
एक जिन्यावरून (तिला सिनेमा मिळाला होता).
पण त्या रात्री हार्ट अटॅक लिहिता येईना.
तीन वाजता सेटवरून निरोप: पानं पाठवा,
दिवे लागलेत, माणसं थंडीत उभी आहेत.
मी लिहिलं:

बाहेर. धक्का. पहाट.
रेइस दोर सोडतो.
मुलगी डावीकडून हाक मारते. त्याला ऐकू येत नाही.
होडी लहान होते.

प्रेत लिहिलं नाही.
या धंद्यातलं एवढं एकच शहाणपण
मी सेरहानला दिलं आहे:
प्रेत सापडलं नाही, तर नोकरी बुडत नाही.
ठेवावं भिजत घोंगडं. समुद्र फुकट आहे.

दृश्य एका टेकमध्ये झालं म्हणे.
‘कट’ म्हटल्यावरही तलात बेय वल्हवतच राहिले,
पार दिव्यांच्या बाहेर, अंधारात.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, काय अभिनय!
त्यांना ऐकू आलं नव्हतं.

बुधवारी सकाळी आकडे आले. पहिला नंबर.
बुरहान बेयनी बकलावा पाठवला,
तलात बेयना अजून पैसे नाहीत.

दुपारी दार वाजलं.
तळमजल्यावरची हाजेर, रखवालदाराची बायको,
हातात झाकलेली बशी.
रव्याचा हलवा, वर चिलगोजे.
गेलेल्याच्या नावानं करतात इथं,
रवा भाजल्याचा वास त्याला पोचतो म्हणतात.
‘रेइससाठी,’ ती म्हणाली.
मी काय करते ते तिला पक्कं ठाऊक आहे,
महिन्याला माझी रद्दी तीच नेते,
खोडलेली माणसं किलोवर विकते.
पायातल्या चपलेकडे बघत म्हणाली,
‘पण सापडले नाहीत ना अजून.
म्हणून साखर निम्मीच घातली.’

ती जिना उतरून गेली.
सेरहाननं चमचा तोंडात घातला
आणि बराच वेळ बाहेर काढला नाही.
‘बाई,’ तो म्हणाला, ‘हे किती...’
विशेषण नको, मी म्हटलं.
बशी लिही.