शिवणीतली माया

डॉक्टर नगरकरांनी चिठ्ठीच्या मागे चित्र काढलं,
एक वाकडी लांबोडकी पिशवी.
म्हणाले, ही तुमची स्लीव्ह. म्हणजे बाही.
मला हसू आलं. त्यांना कारण कळलं नाही.
सव्वीस वर्षं बिबवेवाडीत ब्लाउज शिवतेय मी.

सहा वर्षांपूर्वी दुसऱ्याच कुणी बेतलेली ती बाही.
एकशे अठराची मी एकोणऐंशीवर आले,
भाजीवालीने मला माझीच धाकटी बहीण समजून
माझी चौकशी केली.
मग पावकिलो, पावकिलो.
आता एकशे चार.

काय काय खाता, आहारवाल्या मुलीने विचारलं,
वहीतून डोळे न उचलता.
भाकरी अडकते, म्हटलं. भात अडकतो.
विरघळेल ते उतरतं.
चहात बुडवलेली खारी उतरते.
रात्री साडेअकराला, मशीनचा दिवा तेवढा ठेवून,
बाकरवडीसुद्धा उतरते, कुस्करून कुस्करून.
तिने सगळं लिहून घेतलं.
का खाता, हे विचारलं नाही.
मीही मागितलं तेवढंच कापड फाडून दिलं.

शिवाय आंबट. घशाशी येतं रात्रभर.
तीन उशांना टेकून बसल्या बसल्या डुलकी,
अप्पर डेपोतली पहिली बस घरघरेपर्यंत.

डॉक्टर म्हणाले, दोन वाटा आहेत.
हीच बाही पुन्हा अरुंद करायची,
नाहीतर वर लिंबाएवढी थैली ठेवून
आतडं थेट तिला जोडायचं. बायपास.
बायपास म्हटल्यावर मला कात्रजच दिसलं,
ट्रकांची रांग, गावाला न शिवता जाणारी.
तिसरी वाट मीच विचारली,
काहीच नाही केलं तर?
पेनाला टोपण लावत म्हणाले, तोही निर्णयच असतो.

पहिल्या वेळी आत माया ठेवली होती का हो?
माया?
शिवणीच्या आत बोटभर कापड सोडतो आम्ही,
पुढे अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून.
ते जरा थांबले.
नाही, म्हणाले. कापलं ते काढूनच टाकतात.

घरी दिगंबरने फक्त आकडा विचारला,
आणि पहिला आकडा आठवत बसला.
नणंद म्हणाली, टाका पोटाला कशाला, जिभेला घाल.
मृण्मयीने फोनवर टक्केवारी वाचून दाखवली,
किती जणांचं गळतं, किती जणांचं परत वाढतं,
लोहाच्या गोळ्या, इंजेक्शनं, जन्मभर.
वाचता वाचता तिचा आवाज चिरकला.
म्हणाली, रेंज नाहीये.

त्या रात्री खारी नाही खाल्ली.
खाल्ली, एकच.
कपाटातला जांभळा खणाचा ब्लाउज काढून उलटा केला.
आत सुईच्या भोकांच्या चार रेघा,
आत घेतल्याच्या दोन, सोडल्याच्या दोन.
शेवटच्या रेघेपलीकडे नुसती काठाची दशी.
एकाच जागी दोनदा आवळलेलं कापड विरतं,
हे मला कुठल्या डॉक्टरने सांगायला नको.
म्हणजे बाही नको. जोडच द्यायचा.

सगळ्यांना सांगितलं, वजनासाठी.
वजन उतरेल, नाही उतरणार,
एकदा फसलेल्या मापावर मी पैज लावत नाही.
मला आडवं निजायचंय.
एका उशीवर, कुशीवर वळून.

तारीख मी पितृपक्षातली मागितली.
काउंटरवरची मुलगी दचकली, पक्षात ऑपरेशन?
म्हटलं, बाळ, त्या पंधरा दिवसांत
कुणी शिवायला टाकत नाही.
पूर्वजांनी बोलावलंच तर सांगीन,
नवरात्राच्या ऑर्डरी घेतल्यात.
ती हसली नाही. म्हणाली, काट्यावर उभ्या राहा.

चपला काढल्या.
मग बांगड्या, उगाचच.
मग ध्यानात आलं, सकाळपासून
गळ्यात टेप तशीच आहे.