झारेकरी

आजोबा इंदूरच्या सराफ्यातली धूळ विकत घ्यायचे.
रात्री भुट्ट्याच्या किसाच्या कढया उतरल्या
की पहाटे सोनारांच्या ओट्यांखाली कुंचा फिरवायचे,
परातीत धुवायचे, पाणी बदलायचे, पुन्हा धुवायचे.
महिन्याकाठी निघायचं
नखाच्या कडेएवढं सोनं.
दुकानदार हसायचे.

मी रक्त तपासतो.
पलासियाच्या एका इस्पितळात, तळघरात, रात्रपाळीला.
साडेचारला वरून रॅक येतो:
बेड सहा, वेणू खांबेटे, वय एकाहत्तर.
जांभळं टोपण, लाल टोपण, निळं टोपण,
शिवाय सहा-सहा तासांनी बर्फात ठेवलेली सिरिंज.
प्रत्येक नळी गळ्यापर्यंत.
मशीनची सुई बुडते, पिते
मुंगीला पुरेल इतकं,
आणि उरलेलं मी टाकून देतो
सही करून.

एका रात्री, मशीन तापेपर्यंत,
तिचे रिपोर्ट ओळीने वाचले.
हिमोग्लोबिन अकरा. दहा. साडेनऊ.
आठ पूर्णांक चार. सात पूर्णांक दोन.
जखम नाही. पोटात स्राव नाही.
डॉक्टरांनी लिहिलं होतं, कारण शोधा,
आणि त्यासाठी
आणखी तीन नळ्या मागवल्या होत्या.

विजेच्या बिलाच्या पाठीवर बेरीज मांडली.
रोजचे चाळीस मिली. अकरा दिवस. चारशे चाळीस.
(धमनीच्या नळीतून आधी ओढून
बेसिनात सोडतात, ते धरलंच नाही.)
रक्तपेढीची पिशवी साडेतीनशेची.
तीही परवाच तिला चढवली,
देवासच्या कुणा पोराची.

डॉक्टर मंडलोई बराच वेळ
बिलाची पुढचीच बाजू वाचत राहिल्या.
मग उलटलं. "रोज कोण लिहितं हे?"
कुणीच नाही. पहिल्या दिवशी कुणीतरी लिहिलं,
नंतर ते आपोआप उतरत गेलं.

सिस्टर कलावती डावरने लहान मुलांच्या वॉर्डातून
बोटाच्या पेराएवढ्या नळ्या आणल्या.
आधी ओढलेलं रक्त तिने टाकलं नाही;
बंद सिरिंजमधून त्याच वाटेने
हळूच परत दिलं,
हातात जास्त आलेले सुटे पैसे द्यावेत तसं.
माझ्या मशीनने दोनदा कुरकुर केली,
सुई पोचेना.
मी नळीखाली ठोकळा सरकवला.

गुरुवारी रॅकमध्ये सहा नंबर नव्हता.
आमच्या तळघरात याचा
एकच अर्थ असतो.
दोनदा मोजलं. मग फोन लावला,
आवाज सरळ ठेवून.

"नाही हो भैया," डावर म्हणाली.
"झोपलीये. आज तिला
काही विचारायचंच नव्हतं."

रॅक तसाच आत लावला.
सहाव्या खाचेपाशी सुई आली, थांबली,
पडद्यावर उमटलं: नमुना नाही.
मी त्याखाली सही केली.